खीरगंगा: वन्सं बासष्टच्या, डावा गुडघा दुखरा. न्यावं का?

सुदामानगरची सून, इंदूर

नमस्कार मंडळी. दसरा झाला की मी आणि माझ्या वन्सं, अशा दोघीच हिमाचलात जायचं म्हणतोय. मी ५४ ची, त्या ६२ च्या. कुल्लू-मणिकर्ण ठरलंय, अडलंय ते खीरगंगेपाशी, म्हणजे तिथल्या डोंगरावर चालत जावं लागतं त्या गरम पाण्याच्या कुंडापाशी.

आधी हे खूळ कुठून आलं ते सांगते, म्हणजे उत्तर देणं सोपं जाईल. वन्सं इंदूरच्याच, पण लग्न होऊन दापोलीकडे गेल्या. त्यांच्या सासरी नरकचतुर्दशीचं अभ्यंग घरी होत नसे. पहाटे सगळं घर तेल लावून, उटणं पुडीत बांधून उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडावर जायचं. असं तीस-पस्तीस वर्षं चाललं. तीन वर्षांपूर्वी माझे नंदावे गेले आणि वन्सं आमच्याकडे राहायला आल्या. इथे दिवाळीच्या पहाटे मी गिझर लावून बादली भरून दिली, तर म्हणाल्या, "हे तापवलेलं पाणी गं. ते तापलेलं होतं."

भाच्याने फोनवर खीरगंगेचे फोटो दाखवले. मागे बर्फाचे डोंगर, मधे कुंडातून निघणारी वाफ. तेव्हापासून त्यांनी ध्यास घेतलाय. मुलगा म्हणतो, गाडीने मणिकर्णपर्यंत जा, तिथेही गरम पाणी आहे, चालायची गरजच काय? त्यावर वन्संचं उत्तर, "गाडीतून उतरून अंघोळ तर उन्हवऱ्यालाही होत होती. हे पाणी मला चालत जाऊन घ्यायचंय."

आता अडचणी. वन्संचा डावा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना नाही. रक्तदाबाची एक गोळी सकाळी चालू आहे. साखर नाही. रोज संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत जाऊन येतात, तेवढंच चालणं. वर बायकांसाठी वेगळं कुंड आहे का, वाट कोणती घ्यावी, एका दिवसात जाऊन येणं जमेल का, आणि मुळात न्यावं का, हे ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगावं. "जा, काही होत नाही" एवढंच कृपा करून लिहू नका. घरी तेच ऐकतेय.

दांडियाबाजारकर, वडोदरा

वहिनी, मी खीरगंगेला गेलेलो नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही. पण गरम कुंडांवर आमचं येणंजाणं असतं. आमच्याकडून गोध्र्याजवळचं टुवा जवळ. तिथे जवळजवळ बरीच लहान कुंडं आहेत, एकात हात घालवत नाही तर शेजारच्यात निवांत बसता येतं. आणि वांसद्याकडे उनाई. सीतामाईने तिथे स्नान केलं आणि म्हणाली "हूं नाही", म्हणजे मी न्हाले, त्यावरून उनाई, असं तिथले लोक सांगतात. माझी आई दर वर्षी हट्टाने जायची.

सुचवायचं एवढंच की हिमालयात नेण्याआधी वन्संना एकदा जवळच्या कुंडात बसवून बघा. उन्हवऱ्याला त्या तरुणपणापासून बसत होत्या, आता गोळी चालू आहे, शरीर तेच राहिलेलं नाही. तुम्हाला इंदूरहून सेंधव्यामार्गे सातपुड्यातलं उनपदेव जमेल. शहाद्याकडे एक आहे आणि चोपड्याकडे अडावदजवळ दुसरं, नाव दोन्हींचं एकच, तेव्हा निघण्यापूर्वी कुठलं ते नक्की करा. आम्ही एकदा चुकीच्या उनपदेवाला पोचलो होतो आणि मावशी दुसऱ्या उनपदेवाला वाट बघत बसली होती.

भूगोलाच्या बाई, इंदूर

सूनबाई, तुमच्या वन्संचं ते "तापवलेलं" आणि "तापलेलं" वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. मी शाळेत अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला. इतकी वर्षं गरम झऱ्यांचा धडा घेतला, पण हा फरक इतक्या नेमकेपणाने मला एकदाही सांगता आला नाही.

खीरगंगेला मी २०१६ च्या ऑक्टोबरात गेले, तेव्हा ५५ ची होते. बरोबर धाकटी बहीण. तिचाही गुडघा उतरतानाच दुखायचा. म्हणून तुमचा प्रश्न मला परका नाही.

आधी चढ समजून घ्या. खीरगंगा समुद्रसपाटीपासून सुमारे २,९५० मीटरवर आहे. गाडीरस्ता संपतो ते बरशैणी २,२०० मीटरच्या थोडं पुढे. म्हणजे सातशे मीटरच्या आसपास चढायचं, आणि एकेरी अंतर दहा-बारा किलोमीटर. पोरं चार तासांत जातात. आम्हाला साडेसहा तास लागले, आणि त्यात एक मिनिटही वाया गेलेलं नव्हतं. अन्नपूर्णापर्यंतच्या फेरीवर हे होणार नाही. आता श्रावण चालू आहे, हातात दोन महिने आहेत. दर रविवारी आपल्या जवळचा जानापावचा डोंगर चढा. जानापाव साडेआठशे मीटरच्या पुढे आहे खरं, पण आपलं इंदूरच मुळी साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे तिथला एक चढ म्हणजे खीरगंगेचा फार तर अर्धा. सलग दोनदा चढून-उतरून बघा. दुसऱ्यांदा उतरताना वन्संचा गुडघा काय म्हणतो, त्यावर निर्णय घ्या. घरात बसून घेऊ नका.

जानापाव मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे ते परशुरामाचं जन्मस्थान मानतात. आणि खीरगंगेला जी गोष्ट सांगतात तीही परशुरामापाशी येऊन संपते. कार्तिकेय तिथल्या गुहेत तपाला बसला होता, त्याच्यासाठी खिरीसारखा पांढरा प्रवाह वाहायचा, पण त्या खिरीच्या लोभाने माणसं भांडतील म्हणून परशुरामाने तिचं पाणी केलं. चंबळ उगम पावते त्या डोंगरावर पाय तयार करायचे आणि परशुरामाने पाणी केलेल्या गंगेला जायचं. मला त्या वर्षी हे फार जवळचं वाटलं होतं, अजून वाटतं.

वाटा दोन. पार्वती नदीच्या एका काठाने नकथान गावातून, दुसऱ्या काठाने कळगा गावातून. कळग्याची वाट जंगलातून जाते, सावली दाट, माती ओली, फाटे बरेच. सुंदर आहे, पण तुम्ही दोघीच असाल तर ती घेऊ नका. पार्वतीच्या खोऱ्यात एकटीदुकटी माणसं वाट चुकून हरवल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात, आणि त्यातले बरेच जण तरुण, धडधाकट असतात. नकथानची वाट उघडी, उन्हातली, वाटेत घरं आणि चहा. रुद्रनागला धबधबा आहे, पाणी खडकावरून नागाने वेटोळं सोडावं तसं सरपटत येतं, येणारा-जाणारा हात जोडतो. तिथपर्यंत वन्सं नक्की जातील. तिथून पूल ओलांडला की देवदाराचं जंगल लागतं आणि खरा चढ सुरू होतो. शेवटचे दोन तास मुळांवर पाय ठेवत चढायचं.

म्हणून माझी एकच अट: रुद्रनागला सकाळी साडेदहाच्या आत पोचलात तर पुढे जा, नाहीतर तिथेच धबधब्यापाशी बसा, डबा खा आणि परत फिरा. ही वेळ आदल्या रात्री दोघींनी एकमेकींना सांगून ठेवा. चढताना ठरवायला बसलात तर "आता इतकं आलोय तर" हे वाक्य तोंडात येतंच. माझ्या बहिणीच्या तोंडात आलं होतं.

मुक्कामाचं. आम्ही गेलो तेव्हा वर तंबूंची वसाहतच होती, रात्री राहिलो आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता सावकाश उतरायला लागलो. २०१८ साली वनखात्याने ते तंबू उठवले. बरंच झालं. कुरणावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि प्लास्टिकचा ढीग कुंडापासून हाकेच्या अंतरावर. आता रात्री राहू देतात की नाही हे बरशैणीत पोचल्यावरच विचारा, आगाऊ पैसे भरायला सांगणाऱ्याच्या भरवशावर राहू नका. राहता येत नसेल तर एका दिवसात वीस-चोवीस किलोमीटर होतात. ते वन्संना झेपणार नाही, हे मी आत्ताच सांगते.

आणि आता कुंड. वर दोन आहेत. पुरुषांचं उघड्यावर, डोंगरांकडे तोंड करून. बायकांचं भिंतींच्या आड. फोटोत तुमच्या भाच्याने दाखवलं ते पुरुषांचं. बायकांच्या कुंडात बसून बर्फाचे डोंगर दिसत नाहीत, हे वन्संना आधीच सांगा. मला तिथे उभं राहून याचं फार वाईट वाटलं होतं. आठ-दहा बायका, कुणी पंजाबातली, कुणी खालच्या गावातली, सगळ्या चालून चालून आलेल्या, आणि समोर भिंत. पण पाणी! गंधकाचा वास येतो, पांढरे तंतू तरंगत असतात, ती घाण नव्हे. बाहेर हवा इतकी गार की केसांची टोकं कडक झालेली, आणि मानेखाली सगळं शरीर सैल. बहीण एक शब्द बोलली नाही. तिचा हात पाण्याखाली माझ्या हातात होता.

पायातली चांदीची जोडवी मात्र काढून ठेवा. माझी काळीकुट्ट झाली. गंधकामुळे होतं, अपाय काही नाही. परत आल्यावर पितांबरी लावून घासली तेव्हा उजळली.

चूक माझी अशी झाली की मी चाळीस मिनिटं बसले. थकलेलं अंग, उपाशी पोट, उंची, त्यात गरम पाणी. बाहेर यायला म्हणून ताडकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधार. काठाशी बसलेल्या एका पहाडी आजींनी मला दंडाला धरून खाली बसवलं, पाय चोळले आणि मिठाची चिमूट जिभेवर ठेवली. त्यांनी धरलं नसतं तर डोकं दगडावर होतं. म्हणून दहा मिनिटं, फार तर पंधरा. पोचल्या पोचल्या उतरू नका. आधी अर्धा तास बसा, काही खा, पाणी प्या. बाहेर पडताना आधी काठावर बसायचं, मग उभं राहायचं.

साबण, शाम्पू आत नाही. उटणंही नाही, हे वन्संना पटवून द्या. बाहेर अंग धुऊन मगच उतरायचं. ते खालच्या गावांचं देवस्थान आहे, आणि वरून वाहिलेलं सगळं पार्वतीत जातं.

मणिकर्णाबद्दल तुमच्या मुलाचं थोडं खरं आहे. पाणी ज्या रीतीने तापतं ती रीत दोन्हीकडे सारखीच. हिमालयात ज्वालामुखी नाही. बर्फाचं आणि पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खोल उतरतं, जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते, तेच पाणी तापून दुसऱ्या भेगेने वर येतं. उन्हवऱ्यालाही तेच. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी अशा झऱ्यांची रांगच आहे. तेव्हा वन्संनी दापोलीत जे अंगावर घेतलं ते तीच धरणी तापवत होती. मणिकर्णाला मात्र ती इतकी तापवते की पाणी उकळतंच. तिथल्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपास उकळतं आणि झरे त्याच्या जवळ पोचतात. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचा भात त्यात शिजतो, लोक तांदळाची पुरचुंडी दोरीने सोडून प्रसाद करतात. न्हायला निववलेलं पाणी असतं, बायकांची सोय वेगळी आहे. तिथे एक रात्र राहाच, खीरगंगा होवो न होवो.

आणि पावसाळ्यात चुकूनही नाही. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने कुल्लूकडे काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर तुम्ही बरोबर निवडलाय, फक्त वरती रात्री कडाक्याची थंडी असते, लोकरीची टोपी आणि कोरडे मोजे पिशवीत तळाशी नको, वरच ठेवा.

लष्करवासी, ग्वाल्हेर

मी निवृत्त स्टाफ नर्स आहे. बाईंनी चक्करेचं लिहिलं त्यात थोडी भर घालते, कारण तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

गरम पाण्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. गोळीनेही तो उतरलेला असतो. दोन्ही एकत्र आले की उभं राहताना मेंदूला रक्त कमी पडतं. त्यामुळे ताई, वन्संची गोळी कोणती, त्या दिवशी ती किती वाजता घ्यायची, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. चढताना पाणी कमी पिणाऱ्या बायका मी फार पाहिल्यात, वाटेत आडोसा मिळत नाही म्हणून. कळतं मला, पण पाणी प्यायचंच.

दुसरं, डोकं बुडवायचं नाही. अभ्यंगाची सवय असली की डोक्यावरून पाणी घ्यावंसं वाटतं. कोमट-गरम गोड्या पाण्यात एक अमीबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. क्वचित होतं, पण झालं तर माणूस सहसा वाचत नाही. मानेपर्यंतच. पाण्याचा चटका आधी कोपराने पाहा, पायाने नको. या वयात पायांची जाणीव मंदावलेली असू शकते, साखर नसली तरी.

तिसरं, अडीच हजार मीटरच्या वर काहींना डोकं दुखणं, मळमळ होते. मणिकर्णला एक रात्र आणि बरशैणीच्या आसपास एक रात्र काढून मग चढा. वर डोकं दुखायला लागलं तर कुंडात उतरायचंच नाही.

गाडीचं तुम्हाला माहीत असेलच. माळवा एक्सप्रेस इंदूरहून ग्वाल्हेर, दिल्ली करत अंबाल्याला जाते. तिथून पुढे कुल्लूजवळच्या भुंतरपर्यंत बस. रात्रभर बसायचा प्रवास करून त्याच दिवशी वर चढायला लागू नका, एवढंच.

सुदामानगरची सून, इंदूर

तुम्हा तिघांचं काल रात्री वन्संना मोठ्याने वाचून दाखवलं. पहाडी आजींपाशी आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं आणि तेवढंच पुन्हा वाचायला लावलं.

भिंतीचं ऐकून त्या जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "डोंगर चालताना बघीन. पाण्यात मी तसेही डोळे मिटते."

ठरलं ते असं. वडोदऱ्याच्या दादांचं ऐकून पुढच्या महिन्यात अडावदच्या उनपदेवाला एक दिवस. परवा डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दर रविवारी जानापाव. ऑक्टोबरात मणिकर्णला दोन रात्री, मग बरशैणी. वर राहू देत असतील तरच खीरगंगा, नाहीतर रुद्रनागपर्यंत. साडेदहाची वेळ वन्संनी स्वतःच्या हाताने पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.

बाई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या बहिणीचा गुडघा उतरताना कसा राहिला?

भूगोलाच्या बाई, इंदूर

दोन काठ्यांवर. एका काठीने भार एकाच बाजूला जातो, दोन हव्यात, आणि उतरताना त्या चढतानापेक्षा थोड्या लांब करायच्या. उभ्या उताराला ती नागमोडी उतरली, सरळ पाऊल एकही टाकलं नाही. तरी रुद्रनागच्या पुलाशी तिला अर्धा तास पाय लांब करून बसावं लागलं. नदीचं गार पाणी रुमालाने गुडघ्यावर ठेवत होतो. बरशैणीला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

ती आता नाही. काठ्या माझ्याकडे आहेत, कमीजास्त करता येतात अशा, वन्संच्या उंचीला बसतील.

रविवारी जानापावला मीही येते. सहा वाजता राऊ चौराह्यावर उभी असेन. पोहे खाऊन निघू नका, माझ्याकडे डब्यात थालीपीठ आणि लोणी असेल, वर देवळापाशी बसून खाऊ.